टपावरची कयाक : बांधणीचे शास्त्र आणि चालकाची जबाबदारी

नद्या, खाड्या आणि समुद्र यांच्या सान्निध्यात वसलेल्या गोमंतकाला होडीचे नावीन्य नाही. रस्त्यावरून धावणारी होडी मात्र येथील गावांना तशी नवी आहे. साळ, मांडवी, नेरूल, तळपण या नद्यांच्या शांत पात्रांत आणि चोडणच्या खारफुटीतून लहान कयाक वल्हवीत जाण्याचा छंद अलीकडच्या काळात वाढला आहे. या कयाक पाण्यापर्यंत पोचतात त्या बहुधा एखाद्या गाडीच्या टपावरून. बेळगावकडून चोर्ला घाट उतरून येणाऱ्या गाड्यांत, किनाऱ्यावर होड्या भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांच्या वाहनांत आणि मुक्कामाच्या सोयीसह फिरणाऱ्या कॅम्पर व्हॅनमध्ये अशा टपावर होडी लादलेल्या गाड्या दृष्टीस पडू लागल्या आहेत.

हौशी प्रवाशाला वल्हविण्याचे शिक्षण मिळते, जीवरक्षक जाकिटाचे महत्त्व सांगितले जाते आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रकही पाहण्यास शिकविले जाते. होडी रस्त्यावरून सुखरूप कशी न्यावी, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक पाण्यावरच्या चुकीची झळ प्रामुख्याने वल्हविणाऱ्याला पोचते. टपावरच्या चुकीची झळ पोचते ती मागून दुचाकीवरून येणाऱ्या, या छंदाशी काहीही संबंध नसलेल्या माणसाला. प्रस्तुत पाठाचा उद्देश हा विषय शास्त्रीय पायावर पण सोप्या रीतीने समजावून देणे हा आहे. शिडी, वासे, पाण्याचे नळ किंवा मासेमारीची लहान होडी टपावरून नेणाऱ्या ग्रामस्थांनाही तो तितकाच उपयोगी पडेल.

कयाक आणि कॅम्पर व्हॅन

कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती तयार करीत. आजची कयाक बहुधा पॉलिएथिलीन या प्लास्टिकची किंवा फायबरग्लासची असते. नदीत फिरण्यासाठी वापरली जाणारी एका माणसाची कयाक सामान्यतः ३ ते ४ मीटर लांब आणि २० ते २५ किलो वजनाची असते. दोघांची कयाक ३० किलोंहून अधिक भरते. समुद्रावरील लांब पल्ल्याच्या कयाकची लांबी ५ मीटरच्या आसपास असते.

कॅम्पर व्हॅन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व सामान ठेवण्याची सोय केलेली गाडी. साध्या मोटारीशी तुलना करता तिचा एक लाभ आहे व दोन अडचणी आहेत. तिची लांबी बहुतेक वेळा कयाकपेक्षा अधिक असल्याने होडी पुढे किंवा मागे बाहेर डोकावत नाही, हा लाभ. अडचण पहिली अशी की टप जमिनीपासून अडीच मीटर किंवा त्याहूनही उंच असतो; तेथवर २५ किलोंची लांबलचक वस्तू चढविणे सोपे नाही. दुसरी अडचण म्हणजे हा टप रिकामा नसतो. त्यावर वायुवीजनाची झडप, सौर पट्टी, क्वचित वातानुकूलन यंत्रही बसविलेले असते.

होडीवर येणारे चार जोर

‘होडी वजनाने टपावर बसली आहे, दोन दोर टाकले की झाले’ असा समज सर्वत्र आढळतो. गाडी उभी असताना तो खरा आहे. गाडी धावू लागली की होडीवर चार प्रकारचे जोर काम करू लागतात आणि प्रत्येकाची दिशा निराळी असते.

पहिला जोर समोरच्या वाऱ्याचा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे साडेसात किलो वजनाइतका दाब येतो. ताशी ६० ला तो १७ किलो, ८० ला ३० किलो आणि १०० ला ४७ किलोंच्या घरात जातो. गाडी ताशी ८० ने धावत असता समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा वाहत असेल, तर होडीच्या दृष्टीने वेग ११० होतो व दाब ५७ किलोंपर्यंत चढतो. चालकाच्या वेगमापकावर मात्र ८० हाच आकडा दिसत राहतो.

दुसरा जोर वर उचलणारा. गाडीच्या दर्शनी काचेवर आदळलेला वारा वर वळतो आणि टपावरच्या होडीच्या पुढील टोकाखाली शिरतो. साडेतीन मीटर लांबीच्या कयाकच्या तळाचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरू. ताशी ८० किलोमीटर वेगाच्या दाबापैकी निम्मा जरी तिला वर उचलण्यास लागला, तरी तो जोर साडेबावीस किलो होतो. होडीचे स्वतःचे वजन २५ किलो! म्हणजेच या वेगाला ती जवळजवळ वजनरहित झालेली असते आणि समोरच्या वाऱ्याची एखादी झुळूक तिला टपावरून उठविण्यास पुरेशी ठरते. वजनावर भिस्त ठेवणे किती फोल आहे, हे या साध्या हिशेबावरून ध्यानात यावे.

तिसरा जोर ब्रेकचा. कोरड्या डांबरी रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला असता कोणत्याही वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण सात दशांश इतका जोर पुढच्या दिशेने येतो. २५ किलोंच्या कयाकसाठी तो साडेसतरा किलो होतो, दोन कयाक असल्यास ३५ किलो. गुळगुळीत प्लास्टिकची ओली होडी अशा वेळी नुसत्या आडव्या पट्ट्यांतून साबणाच्या वडीसारखी पुढे सरकते.

चौथा जोर बाजूने येतो. उघड्या खाडीवरील वारा, बाजूने ओलांडून जाणारा अवजड ट्रक, घाटातील वळणे आणि खड्ड्यांचे हादरे हे सर्व होडीला डावी-उजवीकडे ढकलीत असतात. हा जोर एका वेळी मोठा नसतो. परंतु शेकडो लहान धक्क्यांनी गाठी सैल होतात व पट्टे एका बाजूला सरकतात. निसटलेल्या होड्यांच्या बाबतीत पट्टा एकाएकी तुटण्यापेक्षा तो हळूहळू ढिला होणे हेच कारण अधिक संभवते.

आता होडी निसटली तर काय होते, ते पाहू. पावणेतीन मीटर उंचीवरून कोणतीही वस्तू खाली येण्यास सुमारे पाऊण सेकंद लागतो. मागील चालकाला धोका दिसून त्याचा पाय किंवा हात ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा दुचाकीस्वार त्या एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे आलेला असतो. त्याने ब्रेक दाबण्यापूर्वीच होडी रस्त्यावर आडवी पडलेली असते. टपावरची प्रत्येक गाठ बांधताना हा अनोळखी दुचाकीस्वार डोळ्यांपुढे असावा.

टपाची क्षमता : आधी हिशेब, मग होडी

प्रत्येक गाडीच्या टपावर किती भार चालतो, याची मर्यादा उत्पादकाने माहितीपुस्तिकेत दिलेली असते. हा आकडा पाहिल्यावाचून टपावर काहीही ठेवू नये. या मर्यादेत केवळ होडीचेच नव्हे, तर कॅरिअरचे, आडव्या दांड्यांचे व कायम बसविलेल्या उपकरणांचेही वजन धरावयाचे असते. समजा, मर्यादा १०० किलोंची आहे. कॅरिअर १८ किलो, सौर पट्टी चौकटीसह १४ किलो आणि वातानुकूलन यंत्र ३२ किलो असे ६४ किलो टपावर आधीच आहेत. शिल्लक राहिले ३६ किलो. २५ किलोंची एक कयाक त्यात बसेल, दोन बसणार नाहीत. वरवर पाहता मात्र दुसऱ्या होडीसाठी भरपूर जागा मोकळी दिसते. जागा आणि क्षमता या दोन भिन्न गोष्टी होत.

गाडीच्या एकूण भाराचाही विचार करावा. कॅम्पर व्हॅनमध्ये पलंग, शेगडी, बॅटरी व पाण्याची टाकी यांचे वजन मूळ गाडीत वाढलेले असते. ७० लिटर पाणी म्हणजे ७० किलो. नोंदणी प्रमाणपत्रावर दिलेल्या कमाल वजनाच्या आत राहण्यासाठी टाकी मुक्कामाच्या ठिकाणी भरणे श्रेयस्कर. उंचावर ठेवलेल्या भाराने गाडीचा गुरुत्वमध्यही थोडा वर जातो व वळणावर गाडी अधिक कलते.

काही कॅम्पर व्हॅनचा टप मुक्कामाच्या वेळी वर उचलता येतो. अशा उघडझाप करणाऱ्या टपावर उत्पादकाची स्पष्ट अनुमती असल्याखेरीज भार ठेवू नये. फायबरच्या टपावर होडी थेट टेकविणेही धोक्याचे. भार आडव्या दांड्यांवरून गाडीच्या मूळ सांगाड्यावर उतरला पाहिजे. शेगडी, शीतपेटी किंवा हीटर यांची वायुवीजनाची तोंडे होडीखाली झाकली जात नाहीत ना, हे आवर्जून पाहावे. वायू बाहेर जाण्याचा मार्ग बंद झाल्यास बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असून झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.

होडी चढविण्याची रीत

होडी चढविण्यासाठी दोन माणसे असावीत. गाडी सपाट व टणक जागेवर उभी करून हातब्रेक लावावा. रहदारीच्या बाजूला उभे राहून काम करू नये. डोक्यावर विजेची तार नाही याची खात्री करून घ्यावी; ॲल्युमिनियमचे वल्हे किंवा शिडी तारेला लागणे प्राणघातक ठरते.

उंच टपाच्या गाडीला मागील बाजूने होडी चढविणे बहुधा सोपे जाते. कॅरिअरच्या मागील दांडीवर जाड फोम किंवा रूळ बसवावा. होडीचे पुढील टोक प्रथम त्यावर टेकवावे आणि मागचे टोक उचलून होडी पुढे ढकलावी. या रीतीने एका वेळी होडीचे साधारण अर्धेच वजन हातांवर येते. मडगार्ड, दाराचा उंबरा किंवा चाक यांवर पाय देऊन चढण्याची सवय वाईट. पक्की शिडी वापरावी व दुसऱ्याने ती धरावी.

चढविण्यापूर्वी होडीतील पाणी पूर्ण काढून टाकावे. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, आणि तेही प्रत्येक वळणावर इकडून तिकडे धावणारे. वल्ही, सुटी आसने, जाकिटे व झाकणे गाडीच्या आत ठेवावी. बसण्याच्या पोकळीवर घट्ट आच्छादन असल्यास तिच्यात वारा व पाऊस शिरत नाही. मात्र हे आच्छादन दोरीने होडीला जखडलेले असावे.

होडीचा तळ वर की खाली, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. होडीच्या आकाराचे साचे कॅरिअरवर असतील तर तळ खाली ठेवता येतो. नुसत्या सपाट दांड्या असतील तर पालथी होडी अधिक स्थिर राहते व तिच्यात पाणीही साठत नाही. कुशीवर उभी धरणारे बाकदार आधार वापरल्यास दोन होड्या कमी रुंदीत मावतात, परंतु उंची व बाजूच्या वाऱ्याचा मारा दोन्ही वाढतात. दोन दांड्यांमधील अंतर निदान एक मीटर असावे. ती जितकी दूर, तितकी होडी स्थिर.

बांधणी : पट्टे आणि दोर यांची कामे वेगळी

चार जोरांचा विचार आपण वर केला. बांधणी म्हणजे या चारही जोरांना दिलेले उत्तर होय. त्यासाठी मधले दोन पट्टे व टोकांचे दोन दोर असे किमान चार स्वतंत्र बंध लागतात. स्वतंत्र याचा अर्थ असा की, एक सुटला तरी उरलेले तीन होडी धरून ठेवतील. एकच लांब दोर सगळीकडे फिरवून शेवटी एक गाठ मारणे ही पद्धत म्हणूनच त्याज्य आहे. ती एक गाठ सुटली की सर्व बंध एकदम सुटतात.

मधले पट्टे होडीला खाली दाबून ठेवतात व वर उचलणाऱ्या वाऱ्याला रोखतात. पंचवीस मिलिमीटर रुंदीचे, दाताच्या बकलाचे पॉलिएस्टरचे पट्टे उत्तम. पट्टा होडीवरून टाकून आडव्या दांडीखालून घ्यावा, पुन्हा होडीवरून परत आणून बकलात अडकवावा. तो टपाच्या शोभेच्या पट्टीभोवती कधीही बांधू नये. बकलाखाली रबराचा किंवा कापडाचा तुकडा द्यावा. हाताने पूर्ण जोर लावून ओढावा व उरलेले टोक दांडीला बांधून टाकावे. फडफडणारे टोक स्वतःच बक्कल सैल करते. पट्ट्याला एखादा पीळ दिला तर वाऱ्यातील त्याची घरघर थांबते.

मालट्रकवर वापरतात ते रॅचेटचे पट्टे येथे टाळावे. त्यांचा ताण इतका मोठा असतो की प्लास्टिकचा तळ दबतो व फायबरला तडा जातो. तळ दबला की पट्टा आपोआप सैल पडतो. टोकाला हुक असलेले रबरी दोर तर या कामासाठी मुळीच वापरू नयेत. ते ताणले जातात हाच त्यांचा गुण व हाच त्यांचा दोष होय; वारा होडीला उचलतो तेव्हा ते तिच्याबरोबर लांबतात.

टोकांचे दोर होडीला पुढे-मागे सरकू देत नाहीत. पुढच्या टोकाचा दोर पुढे व खाली उतरला तर तो होडीला मागे जाऊ देत नाही. मागच्या टोकाचा दोर मागे व खाली उतरला तर तो ब्रेकच्या वेळी तिला पुढे घसरू देत नाही. प्रत्येक टोकापासून दोन बाजूंना दोन फाटे काढल्यास बाजूचा जोरही आवरला जातो. साध्या मोटारीत हे दोर बंपरखालच्या ओढकड्यांना बांधतात. कॅम्पर व्हॅनमध्ये होडी टपापेक्षा आखूड असेल, तर दोर कॅरिअरच्या पुढील व मागील कोपऱ्यांना बांधणे सोयीचे असते; यासाठी कॅरिअर होडीच्या टोकांपुढे थोडे लांब असावे.

दोराचा ताण घेण्यासाठी आपले ट्रकचालक वापरतात ती गाठ आदर्श आहे. दोराच्या मध्यावर एक फास घालावयाचा, टोक खालच्या कडीतून काढून त्या फासातून ओवावयाचे व खाली खेचून दोन अर्ध्या गाठींनी पक्के करावयाचे. कप्पीप्रमाणे थोड्या श्रमात पुष्कळ ताण मिळतो. तथापि टोकाचे दोर ताठ असावेत, होडी वाकेल इतके घट्ट नसावेत. नायलॉन भिजल्यावर लांबते. म्हणून पॉलिएस्टरचा दोर अधिक विश्वासार्ह समजावा.

बांधणी पूर्ण झाल्यावर एक साधी परीक्षा घ्यावी. होडीचे टोक धरून चारी दिशांना हलवावे. होडी हलली आणि गाडी स्थिर राहिली तर बांधणी कच्ची. होडीबरोबर गाडीही डोलली तर बांधणी पक्की. त्यानंतर निघाल्यापासून १० ते १५ किलोमीटरवर थांबून सर्व पट्टे पुन्हा पाहावे. पट्टे ‘बसण्यास’ एवढे अंतर लागते. पुढे प्रत्येक विश्रांतीच्या वेळी हीच तपासणी करावी.

रस्त्यावरची दक्षता

प्रथम, गाडीची होडीसह एकूण उंची टेपने मोजावी व ती मीटर आणि फूट दोहोंत लिहून चालकासमोर चिकटवावी. रोजच्या सवयीची गाडी अर्धा मीटर उंच झाली आहे, हे विसरणे अत्यंत सोपे असते. रेल्वेखालील बोगदे, पेट्रोल पंपाचे छत, हॉटेलाची कमान व तळघरातील वाहनतळ या ठिकाणी हा आकडा उपयोगी पडतो. गावातील अरुंद रस्त्यांवर आंब्या-फणसाच्या खाली वाकलेल्या फांद्या, लोंबणाऱ्या तारा आणि चतुर्थी-जत्रेच्या दिवसांतील कमानी व रोषणाईच्या माळा यांची विशेष काळजी घ्यावी. शंका असल्यास सोबत्याने उतरून पाहावे.

कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले असून त्यावरील तारेत २५,००० व्होल्ट दाबाचा प्रवाह असतो. फाटकाजवळ रांगेत उभे असताना पट्टा घट्ट करण्यासाठी टपावर चढणे हे प्राणावर बेतणारे साहस होय. या तारेचा धक्का बसण्यास स्पर्शही व्हावा लागत नाही.

वाऱ्याच्या दृष्टीने मोठे पूल हे कसोटीचे ठिकाण. पणजी येथील मांडवीवरील अटल सेतू २०१९ मध्ये खुला झाला. झुआरीवरील नवा पूल २०२२ व २०२३ मध्ये दोन टप्प्यांत वाहतुकीस मिळाला. दोन्ही पूल पाण्यावर बरेच उंच असून दुपारचा समुद्रवारा तेथे अडथळ्याविना येतो. पुलावर चढण्यापूर्वीच वेग कमी करावा आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे. चोर्ला किंवा अनमोडच्या घाटात वळणाच्या आड असलेला वारा वळण संपताच एकदम अंगावर येतो, हेही ध्यानी ठेवावे. मोकळ्या महामार्गावरही टपावर होडी असताना ताशी ७० किलोमीटरच्या आत राहणे शहाणपणाचे. वर दिलेला हिशेब पाहता, वेग ८० वरून ६० वर आणल्याने वाऱ्याचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. यासारखा स्वस्त व खात्रीचा उपाय दुसरा नाही.

कायद्याची बाजू

वाहनाच्या लांबी, रुंदी व उंचीच्या मर्यादा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दिलेल्या आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९४ मध्ये २०१९ साली सुधारणा झाली. तीनुसार वाहनावरील भार बाजूंना, पुढे, मागे किंवा उंचीत अनुज्ञेय मर्यादेबाहेर गेल्यास २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय माल उतरविण्याचा खर्चही सोसावा लागतो. म्हणून गाडीच्या लांबी-रुंदीच्या आत मावेल अशीच होडी निवडणे उत्तम. पाच मीटरची समुद्री कयाक आखूड गाडीवर लादण्याचा मोह टाळावा.

टपावर वेल्डिंग करून कायमचे कॅरिअर बसविण्यापूर्वीही विचार करावा. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलतील असे फेरफार वाहनात करण्यास अधिनियमाच्या कलम ५२ नुसार प्रतिबंध आहे. याबाबत जवळच्या परिवहन कार्यालयात आगाऊ चौकशी करावी. विमा कंपनीलाही कळविणे हिताचे ठरते.

ऊन, मीठ आणि देखभाल

किनारपट्टीवर पट्ट्यांचे दोन शत्रू आहेत : ऊन आणि खारे पाणी. सतत उन्हात राहिलेला पट्टा पांढुरका व कडक होतो. तो दिसावयास धड असला तरी त्याची ताकद गेलेली असते. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त दोर तर उन्हात फारच लवकर कमजोर होतो. कडा उसवलेला, चिरलेला किंवा कडक झालेला पट्टा निर्दयपणे टाकून द्यावा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर पट्टे, बकले व कॅरिअरचे बोल्ट गोड्या पाण्याने धुवावे, अन्यथा बकलाची स्प्रिंग गंजून दात धरीनासे होतात. बोल्टची घट्टपणा-तपासणी प्रत्येक प्रवासापूर्वी व्हावी. होडी कॅरिअरला पक्की आणि कॅरिअरच गाडीला सैल, अशी अवस्था उपयोगाची नाही.

चैत्र-वैशाखाच्या उन्हात पॉलिएथिलीनची होडी मऊ पडते व घट्ट पट्ट्याखाली तिला खोक येते. गाडी दीर्घकाळ उन्हात उभी राहणार असेल तर पट्टे थोडे सैल करावे. मात्र ते सैल केल्याची चिठ्ठी त्याच क्षणी स्टिअरिंगला अडकवावी. ती चिठ्ठी पट्टे पुन्हा घट्ट केल्यावरच काढावी.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

हा विषय शाळेत विज्ञानाच्या तासाला प्रयोगरूपाने दाखविता येईल. लाकडी ठोकळ्याला चाके लावून गाडी करावी व पुठ्ठ्याची वीतभर लांबीची होडी तिच्यावर ठेवावी. समोर एक मीटरवर टेबलपंखा ठेवून तो शिक्षकांनी स्वतः चालवावा. प्रथम होडी न बांधता, नंतर मध्यभागी एकच दोरा बांधून, त्यानंतर दोन आडवे दोरे बांधून प्रयोग करावा. न बांधलेली होडी उडते, एका दोऱ्याची होडी गरगर फिरते, दोन दोऱ्यांची होडी वाऱ्यात टिकते. मग पंखा बंद करून गाडी ढकलावी व ती पुस्तकाला अडवून एकदम थांबवावी. दोन आडव्या दोऱ्यांतून होडी पुढे निसटते. अखेरीस टोकांचे दोरे बांधून तोच धक्का द्यावा. जडत्व, घर्षण व हवेचा दाब या तिन्ही संकल्पना विद्यार्थ्यांना एका तासात प्रत्यक्ष दिसतील आणि उद्या टेंपोवर वासे बांधताना त्यांना हा धडा आठवेल.

निघण्यापूर्वीची उजळणी

१. टपाची क्षमता पाहिली. कॅरिअर व उपकरणांचे वजन हिशेबात धरले.
२. कॅरिअरचे बोल्ट घट्ट आहेत. वायुवीजनाची तोंडे मोकळी आहेत.
३. होडीतील पाणी व सुटे सामान काढले.
४. दोन पट्टे व दोन टोकांचे दोर, असे चार स्वतंत्र बंध बांधले. मोकळी टोके आवरली.
५. होडी हलवून पाहिली. गाडी सोबत डोलली.
६. एकूण उंची मोजून चालकासमोर लावली.
७. पहिल्या १०-१५ किलोमीटरवर थांबण्याची जागा ठरविली.

या सात बाबींना सरावाने पंधरा मिनिटे पुरतात. नदीवर एक तास वल्हविण्यासाठी शंभर किलोमीटरचा प्रवास करणाऱ्याला पंधरा मिनिटे जड वाटण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतींनीही आपल्या हद्दीतील कमानींवर उंचीचा फलक लावल्यास व रस्त्यावर वाकलेल्या फांद्या वेळेवर छाटल्यास मोठी मदत होईल. होडी बांधणारा आणि तिच्या मागून जाणारा यांची ओळख नसते. तरीही रस्त्यावर मागच्याचा जीव पुढच्याच्या गाठीवर विसंबून असतो. ती गाठ पक्की आहे की नाही, हे पुढच्याने निघण्यापूर्वीच पाहावयाचे असते.